गोळा म्हणायचं नाही

आमच्या शाळेत एक शब्द उच्चारायला बंदी होती. तुमच्या मनात येतोय तसला शब्द नव्हे. तसल्या शब्दांना ब्रह्मपुरीत तेव्हा कुणी फारसं अडवत नसे. बंदी होती ती 'गोळा' या शब्दाला.

ही बंदी सरकारने घातली नव्हती, हेडमास्तरांनीही नव्हती. घातली होती विज्ञान शिकवणाऱ्या पिलारे गुरुजींनी. खरं म्हणजे ती त्यांच्या वर्गापुरतीच असायला हवी होती, पण गुरुजींचे कान भिंतीपलीकडचं ऐकायचे. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. नागपूरहून नवा नवा आलेलो. तास संपताना मी म्हणालो, 'वह्या गोळा करा रे,' की पलीकडून आवाज यायचा, "जमा करा म्हना जी. वह्या का लोन्याच्या हाय?"

माझी पोरं हसायची आणि मला राग यायचा. मराठी मी शिकवायची आणि शब्द विज्ञानवाल्याने निवडायचे, ही कुठली रीत? पण दोनेक महिन्यांत मीच 'जमा करा' म्हणायला लागलो. भिंतीशी भांडण्यात काही अर्थ नसतो, त्यातून ती भिंत उत्तर देत असली तर मुळीच नाही.

कवायतीच्या मास्तरांचे हाल माझ्याहून वाईट होते. खेळांच्या दिवसाचा फळा लिहिण्याचं काम गुरुजींकडे असायचं, कारण त्यांचं अक्षर चांगलं. त्यांनी गोळाफेकीच्या जागी 'लोखंडफेक' लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी एक पालक विचारायला आला, पोराने घरून कोणतं लोखंड आणायचं, विळा चालेल का. हेडमास्तर सभेत 'गोळाबेरीज करता' असं म्हणाले की गुरुजी उभे राहून सांगत, "नुसती बेरीज करा सर. उत्तर तेच येते."

एकदा मी त्यांना जेवायला बोलावलं. आमच्याकडे गोळाभात केला होता. बेसनाचे गोळे भातात शिजवतात आणि वरून फोडणीचं तेल घेतात, तो. गुरुजी दोनदा मागून जेवले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, भात बेस झाला. याले काय म्हनते तुमच्याकडे?" मी डोळ्यांनी खुणा करत होतो, पण तिने सरळ सांगून टाकलं. गुरुजींचा हात ताटातच राहिला. मग एक गोळा उचलून त्यांनी उजेडात धरला. "वहिनी, याच्यावर तुमची बोटं उमटून हाय. हा मुटका हाय. बेसनाचा मुटका म्हना." आणि तो खाऊन त्यांनी तिसऱ्यांदा भात मागितला.

एवढं सोडलं तर माणूस वेडा वाटायचा नाही. बुटका, काटक, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि चालणं असं की पाठीमागे कुणी लागलंय. मात्र घरी कुणाला बोलवायचे नाहीत. गावाच्या टोकाला, धानाच्या बांध्या सुरू होतात म्हणजे भातखाचरं लागतात, तिथे त्यांचं कौलारू घर होतं आणि त्याचं दार सदा लोटलेलं असे. पावसाळ्यात ते एकटेच जंगलात जायचे आणि ओलं पोतं काखेत मारून परत यायचे. पोत्यात काय आहे, यावर शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ तर्क चालत. बहुतेकांचं मत, सात्या असाव्यात. सात्या म्हणजे पावसात उगवणाऱ्या खायच्या भूछत्र्या. "एकटाच खाते बुवा," असं म्हणून लोक उसासा टाकत.

या सगळ्या भांडणाचं मूळ पाठ्यपुस्तकातल्या एका वाक्यात होतं. 'अमीबा हा जीवद्रव्याचा एक आकारहीन गोळा आहे.' हे वाक्य गुरुजींनी प्रत्येक पोराच्या पुस्तकात स्वतःच्या हाताने, काळ्या शाईने खोडलं होतं. आमच्याकडे पुस्तकं थोरल्याकडून धाकट्याकडे जायची. त्यामुळे कित्येक पोरांना ते वाक्य कधी वाचायलाच मिळालं नाही. त्यांना वाटायचं, पुस्तक असंच छापून येतं.

मी एकदा त्यांना विचारलं, "गुरुजी, इवलासा अमीबा. गोळा म्हटला तर त्याचं काय बिघडलं?"

"जमिनीवर पानी सांडा," ते म्हणाले, "अन् त्याले म्हना चाल. चालते का? वाहते. उताराकडं वाहते. हा अमीबा चढावर चढते. चढाले आत काही तं लागन का नाई? मेढ लागन, वासा लागन, ओढनारा लागन."

"म्हणजे हाडं असतात म्हणता?"

"हाड नाई जी. हाड एकदा झालं का झालं. आतला सांगाडा बांधते अन् सोडते, बांधते अन् सोडते. मांडव पाह्यला ना तुमी आमच्याकडचा?"

पाहिला होता. इकडे लग्न निघालं की गावची माणसं जंगलातून खांबांसाठी मेढी आणि बांबू तोडून आणतात, अंगणात मांडव घालतात, वर जांभळीचे डहाळे टाकतात. लग्न उरकलं की सोडवून ठेवतात. गुरुजींचं म्हणणं असं, की हाच मांडव पुढून बांधत नेला, मागून सोडत आणला आणि मागचे बांबू पुढच्यांच्या हाती देत गेलं, तर मांडव चालायला लागेल. अमीबा म्हणजे चालता मांडव. आणि त्यातली माणसं म्हणजे प्रथिनं.

नागपूरच्या कॉलेजात शिकताना त्यांनी ऐकलं होतं की स्नायूमध्ये दोन प्रथिनं असतात, ॲक्टिन आणि मायोसिन. एक दोरासारखं, दुसरं ओढणारं. "कोंबड्याच्या टांगेत हाय तं अमीबात काऊन नाई?" हा त्यांचा सवाल असे. बाकीची प्रथिनं त्यांनी मांडवाकडे पाहून स्वतःच ठरवली होती. एकजण 'बांधा' म्हणणारा. एकजण 'पुरे' म्हणणारा. एकजण बांबूच्या टोकाला हात लावून उभा राहणारा, म्हणजे पुढे जोड लागायला नको. एकजण मागून कोयता घेऊन येणारा. "नुसते बांधनारे असून काही होत नाई मास्तर," ते म्हणत, "सांगनारे पाहिजे. मांडव बांधनाऱ्यांनी नाई उभा राहत, सांगनाऱ्यांनी राह्यते."

पुस्तकात यातलं अक्षरही नव्हतं. पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या नातवाच्या पुस्तकात मी पेशीच्या आतल्या सांगाड्याचं चित्र पाहिलं. तंतू पुढून जोडले जातात, मागून सुटतात, आणि त्यावर देखरेख करणारी प्रथिनं वेगळी, असं त्यात लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. पण मी सांगतोय ती पंचावन्न-छप्पन सालची ब्रह्मपुरी, आणि तिथे पुस्तकाविरुद्ध बोलणाऱ्याला दोनच नावं होती: एक शहाणा आणि दुसरं अतिशहाणा.

तर त्या वर्षी चांद्याहून, म्हणजे जिल्ह्याच्या गावाहून, तपासणीला साहेब आले.

गुरुजींनी साहेबांना वर्गात नेलंच नाही. मैदानावर नेलं. तिथे त्यांच्या वर्गाने बांबू आणि सुतळ्या घेऊन अमीबा केला होता. पुढची पोरं बांबू बांधत होती, मागची सोडत होती, मधली सुटलेले बांबू डोक्यावरून पुढे देत होती. आणि काय सांगू, ते प्रकरण खरोखरच चालत होतं. खुर्ची टाकून बसलेल्या साहेबांच्या दिशेने, सावकाश, अख्खा मांडव चालत येत होता. साहेबसुद्धा क्षणभर कौतुकाने पाहत राहिले.

घोटाळा झाला तो 'पुरे' म्हणणाऱ्यामुळे. ते काम गुरुजींनी वर्गातल्या सगळ्यांत लाजाळू पोराला दिलं होतं, त्याला धीर यावा म्हणून. साहेबांच्या डोक्यावरची हॅट पाहून त्या पोराची वाचाच बसली. पुढच्यांना कुणी थांबा म्हणेना, म्हणून ते बांधतच राहिले. मांडव साहेबांच्या डाव्या बाजूने गेला, उजव्या बाजूने गेला, पाठीमागे जाऊन दोन्ही तोंडं एक झाली. साहेब खुर्चीसकट आत. हॅट एका बांबूच्या टोकावर चढून वर गेली.

हेडमास्तर धावले. मीही धावलो. गुरुजी मात्र जागचे हलले नाहीत. बांबूंच्या फटीतून त्यांनी साहेबांना समजावून सांगितलं, "अमीबा असाच खाते साहेब. अन् पाहा, एकच प्रथिन चुकलं तं काय होते."

सुटका झाल्यावर साहेबांनी हॅट झटकली आणि समोरच्या पोराला विचारलं, "अमीबा म्हणजे काय?"

"चालता मांडव, सर."

साहेबांनी त्याचं पुस्तक मागवलं. वाक्य खोडलेलं. दुसऱ्याचं मागवलं. तेही खोडलेलं. एकेक करून वर्गाची सगळी पुस्तकं आली आणि सगळ्यांत तीच काळी रेघ. मांडवात सापडण्याचा अपमान साहेबांनी एक वेळ गिळला असता. सरकारमान्य पुस्तकावरची रेघ त्यांना गिळता आली नाही.

आठवड्याने हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं आणि एक कागद पुढे केला. त्यावर मजकूर असा, की मी यापुढे पाठ्यपुस्तकाबरहुकूम शिकवीन आणि 'अमीबा हा जीवद्रव्याचा एक आकारहीन गोळा आहे' हे वाक्य फळ्यावर लिहून वर्गाकडून लिहून घेईन. खाली सहीची जागा.

"पिलारेंची सही आणा," ते म्हणाले. "नाही केली तर जूनपासून त्यांना घरी बसावं लागेल. माझ्या हातात काही नाही. तुम्ही मराठीवाले, समजूत घालायला तुमच्याकडे शब्द आहेत."

संध्याकाळी मी गावाच्या टोकाला गेलो. मनात वाक्यं जुळवत होतो. एक शब्द तर आहे, गुरुजी. शब्दापायी कुणी भाकर सोडतं का? दार नेहमीप्रमाणे लोटलेलं होतं. हाक मारली, तर आतून एका मुलीचा आवाज आला, "या जी. दार उघडंच हाय. मले उठता येत नाई."

गुरुजींना मूल आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

बाजेवर, भिंतीशी दोन उशा लावून, दहा-अकरा वर्षांची एक मुलगी टेकली होती. चेहरा बापाचाच, डोळे तर अगदी. पण मान एका बाजूला कललेली आणि हात-पाय कुणीतरी मांडून ठेवावेत तसे ठेवलेले. तिच्यासमोर लाकडी पाट, पाटावर ओल्या पोत्याचा तुकडा, आणि त्यावर हळदीसारखं पिवळं काहीतरी शिरा काढत पसरलेलं. मला पहिल्यांदा वाटलं, मांजर ओकलंय.

"ते आमची आत्याबाई हाय," मुलगी म्हणाली. "हळूहळू येते, सारं खाते अन् जातच नाई."

गुरुजी मागच्या दारातून पाण्याचा तांब्या घेऊन आले. मला पाहून थबकले. मग त्यांनी तांब्या माझ्या हाती दिला आणि एरवी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाले, "हे माही सुमी."

पोत्यात काय असे, ते तेव्हा समजलं. जंगलात सडक्या लाकडांवर पावसात हे पिवळं येतं. भूछत्री नव्हे, बुरशीही नव्हे. तळहाताएवढा, स्वतःहून सरकणारा एकच जीव. मध्ये कुठे भिंत नाही, पेशी नाहीत; म्हटलं तर सगळी मिळून एकच पेशी. सुमी या आत्याबाईला तांदळाची कणी घालायची. कणी चिमटीत धरणं हेच तिला मोठं काम होतं. ती चिमूट पाटापर्यंत न्यायला तिला वेळ लागायचा, आणि आत्याबाईलाही कणीपर्यंत यायला वेळ लागायचा. दोघींची बरी जमली होती.

"सकाळी त्या कोपऱ्यात होती," सुमीने सांगितलं. "आता इथी आली. तिले पाय नाई, तरी येते."

गुरुजींनी शाळेचं जुनं भिंग काढून एका शिरेवर धरलं आणि मला वाकायला लावलं. आत पिवळा प्रवाह धावत होता. पुढे गेला, मंदावला, थांबला. आता संपलं असं वाटतंय तोच उलटा फिरला आणि मागे धावू लागला. मी किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे.

"हिच्या जन्माले वैद्य आला होता," गुरुजी माझ्या मागे उभे राहून म्हणाले. "पोरगी मान धरेना, मूठ मिटेना. तो म्हने, मास्तर, हा नुसता मांसाचा गोळा हाय. जीव लावू नोका. नातेवाइकायनं तेच म्हनलं. बारशाले कोनी आलं नाई." त्यांचा आवाज चढला. "अरे, पोरीत सारं हाय. मेढी हाय, वासे हाय, दोर हाय. एक मांडववाला आलाच नाई, येवढीच गोठ हाय. त्याले गोळा म्हनते का? कोन्ता मांडववाला तो, हे हुडकाचं सोडून नाव ठेवून मोकळे होते साले."

मनात जुळवून आणलेली वाक्यं एव्हाना कुठल्या कुठे गेली होती. पण काम तर करायलाच हवं होतं, म्हणून कागद काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला. त्या शब्दाशी आल्यावर त्यांच्या कानशिलावरची शीर उडू लागली.

चुलीजवळून त्यांची बायको पदराला हात पुसत आली. तिने सगळं ऐकलं असावं.

"करून टाका ना सही," ती म्हणाली. "घरी बसले तं पोरीचं कोन पाहील? अन् त्या शब्दावर तुमी येवढे काऊन जळता? म्या नाई म्हनत का? रोज म्हनते. हिले कडेवर घेते तवा म्हनते, माहा पोटचा गोळा हाय म्हून. त्यानं माही सुमी कमी झाली का?" बोलता बोलता तिने सुमीची कललेली मान सवयीने सरळ केली आणि तिथेच हात धरून उभी राहिली.

आता स्फोट होणार, असं मला वाटलं. माझ्या वह्या ज्याला सोसल्या नाहीत, आमचा भात ज्याला सोसला नाही, तो माणूस हे कसं सोसणार होता? गुरुजींनी बायकोकडे पाहिलं, मग तिच्या हाताला टेकलेल्या पोरीकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"तू म्हन," ते म्हणाले. "तुले चालते. तू म्हनते तं त्या शब्दात आपली सुमी राह्यते. पुस्तकात म्हनते तं त्यात कोनीच नाई."

कागद त्यांनी घडी घालून माझ्या खिशात ठेवला. सही न करता.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी तो उलटसुलट करून पाहिला. "सही कुठाय?"

"नाही केली."

"मग तुम्हाला कशाला पाठवलं होतं? काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"मी काहीच सांगितलं नाही, सर. पण मी मराठीचा मास्तर आहे आणि तो शब्द तिथे चुकीचा आहे. त्यांना काढलंत तर हेच मी चांद्याला लिहून कळवीन, आणि माझी सही करून."

हेडमास्तर मनाने वाईट नव्हते, फक्त भित्रे होते, आणि दोन मास्तर एकदम गेले तर शाळा कशी चालवायची, याची त्यांना साहेबांहून जास्त भीती वाटली असावी. त्यांनी तोड काढली. गुरुजींकडचं विज्ञान काढून घेतलं आणि भूगोल दिला. गुरुजींनी भूगोल घेतला. पहिल्याच तासाला त्यांनी पोरांना सांगितलं की हिमालय अजून उठून राह्यला आहे, आणि पुस्तकातला 'अचल' हा शब्द खोडायला शाई मागवली.

जून लागला तेव्हा माझ्या पाचवीच्या पटावर एक नवं नाव आलं. हेडमास्तर ते वाचून स्वतः वर्गावर आले. "हिला हात-पाय नाहीत चालत असं ऐकतो मी," ते दारातून मला म्हणाले. "ती शाळेत बसणार कशी?"

त्यांच्या पाठीमागून पिलारे गुरुजी आले. सुमी त्यांच्या खांद्यावर होती. त्यांनी तिला भिंतीलगतच्या पहिल्या बाकावर उतरवलं, पाठीशी उशी लावली, मान भिंतीला टेकवली, दोन्ही हात पाटीवर ठेवले. मग वळून हेडमास्तरांना म्हणाले,

"अशी."